मावशीसाठी जागा

“तुमच्या घरातून दुपारी आवाज येत होता,” खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जिन्यात म्हणाल्या. “‘कोणी आहे का?’ असं विचारत होत्या तुमच्या मावशी. अगदी सभ्यपणे. मी वर आले, तर दाराला बाहेरून कुलूप.” एवढं बोलून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि त्या खाली उतरल्या. चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. निदान उलट काहीतरी बोलता आलं असतं. तो कठडा धरून तसाच उभा राहिला. तो लिफ्ट तपासणारा माणूस. एकोणतीस वर्षं शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट तपासत हिंडलेला. आणि त्या धंद्यात त्याला एक गोष्ट पक्की कळली होती : अडकलेली माणसं पहिली दहा मिनिटं फार सभ्य असतात. कोणी आहे का, जरा ऐकता का, त्रास देतेय हं, असं म्हणतात. दार बडवणं, ओरडणं, रडणं हे सगळं नंतर. मग मावशी दुपारभर पहिल्या दहा मिनिटांतच राहिली होती की काय? घड्याळाचं आणि तिचं फाटून वर्ष होत आलं होतं. प्रत्येक वेळी तिला दार नुकतंच बंद झालंय असं वाटलं असणार, आणि प्रत्येक वेळी तिने नव्याने, तेवढ्याच अदबीने विचारलं असणार.

कुलूप लावायला लागून अडीच महिने झाले होते. दिवसा सोबतीला येणारी बाई मुलीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती परत आलीच नाही. दुसरी मिळेपर्यंत चार दिवस, असं म्हणत त्याने पहिल्यांदा कुलूप लावलं, तेव्हा किल्ली फिरवताना हात अडखळला होता. पुढे अडखळेनासा झाला. त्याआधी एकदा मावशी भर रस्त्यात सापडली होती, चपला हातात घेऊन, चष्म्याच्या दुकानाकडे निघालेली. त्या दुकानात तिने चौतीस वर्षं काचा घासल्या होत्या. दुकान बंद होऊन तिथे बँक आली त्यालाही आता दहा वर्षं झाली. “उशीर झाला, मालक बोलतील,” ती त्याला सांगत होती. त्या दिवसाची आठवण काढून तो कुलूप लावताना स्वतःला बजावायचा की हे तिच्या भल्यासाठी आहे, आणि ते खरंही होतं. फक्त तेवढंच खरं नव्हतं. सकाळी आठच्या बसला तो निघायचा, म्हणून सात वाजता तो तिला उठवायचा, तिचं तोंड धुवायचा, ब्लाउजची बटणं लावायचा. तिला बटणं लावता येत होती. फार वेळ लागायचा, एवढंच. तो भराभर लावून टाकायचा, आणि ती हनुवटी वर करून उभी राहायची, शाळेत निघालेल्या मुलासारखी.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत आलेली होती. शिक्षिकाबाईंचं गोल, पाटीवरचं अक्षर : एक पत्ता आणि खाली एक ओळ, ‘माझा भाऊ शेवटची दोन वर्षं इथे होता. एकदा पाहून या.’ त्याने ती चिठ्ठी आठवडाभर खिशात बाळगली. मावशीला कुठेतरी ठेवायचं, हे शब्दच त्याला लागत होते. सामान ठेवतात, ठेव ठेवतात. माणूस कसं ठेवायचं? शेवटी शनिवारी शिक्षिकाबाईच वर येऊन मावशीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “जा, मी आहे.” तो निघाला. सोबत त्याने कामावरची वही घेतली होती. मनातल्या मनात त्याला ठाऊक होतं की आपण खोट काढायला चाललोय. जागेत खोट निघाली की काम झालं. पाहिलं बुवा, पण नाही पटलं, असं स्वतःला सांगून परत यायचं.

जागा एका गल्लीच्या टोकाला होती, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून. बैठं घर, पुढे फरसबंदी, फाटक. आठ म्हातारी माणसं राहायची, चारजणी काम बघायच्या. घर चालवणारी बाई पन्नाशीची, इस्पितळात वीस-बावीस वर्षं काढलेली. तिला सगळेच सिस्टर म्हणत. तिने त्याला चहाही विचारला नाही. “आधी फिरून घ्या. मी मागे मागे येत नाही. कुठलंही दार उघडा, फक्त आत कोणी असेल तर विचारून,” असं म्हणून ती पुन्हा तिच्या कामाला लागली. हे त्याला अनपेक्षित होतं. तपासणीला गेलं की इमारतीचे लोक त्याच्याभोवती घोटाळतात. जिथे घोटाळतात तिथेच नेमकं पाहायचं, हा त्याचा शिरस्ता. इथे कोणी घोटाळत नव्हतं. तो एकटाच चालू लागला. दारं रुंद होती, उंबरे काढून टाकलेले. न्हाणीघरातल्या दांड्याला त्याने आपला सगळा भार देऊन पाहिला. तो जागचा हलला नाही. दांड्याचा रंग एका ठरावीक ठिकाणी उडालेला होता, माणसाचा हात जिथे पडतो बरोबर तिथे. स्टुलाच्या चारी पायांना रबर होतं आणि ते गुळगुळीत झालेलं नव्हतं, म्हणजे कोणीतरी बदलत होतं. त्याने वहीत लिहिलं, ‘रबर नवं.’ मग ते खोडलं. खोट लिहायची तर हे कशाला?

मागच्या दाराशी मात्र त्याला खोट सापडली. सगळं घर सपाट आणि इथे मध्येच एक पायरी, चांगली वीतभर उंच. तो जवळजवळ खूश झाला. सिस्टरला हाक मारून त्याने दाखवली. “ती मुद्दाम ठेवलीय,” सिस्टर म्हणाली. “सगळंच सपाट केलं की पाय पायरी विसरतात. मग एखाद्या दिवशी डॉक्टरकडे न्यायचं तर गाडीत चढता येत नाही. रोज दुपारी एकेकजण इथून एकदा उतरतो, एकदा चढतो. आम्ही शेजारी उभ्या असतो. पडलंय का कोणी? हो, पडलंय. एक आजोबा, दोन वर्षांपूर्वी. मनगट मोडलं. मी लपवत नाही. तरी ठेवलीय.” एवढं सरळ उत्तर त्याला आयुष्यात कुठल्याही इमारतीत मिळालं नव्हतं. तिथे सगळ्यांच्या लिफ्ट नेहमी परवापर्यंत उत्तम चालत असायच्या. तो वही मिटून म्हणाला, “आणि फाटकाला कुलूप?” “आहे,” ती म्हणाली. “ते आम्हाला लागतं. घराच्या आत मात्र एकाही दाराला नाही. कोणी म्हणालं बाहेर जायचंय, की आम्ही चपला घालतो आणि सोबत निघतो. कोपऱ्यापर्यंत गेलं की बहुतेकांना परत यावंसं वाटतं. नाही वाटलं, तर पुढच्या कोपऱ्यापर्यंत.” चपला हातात घेतलेली मावशी त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्या दिवशी त्याने तिला कोपऱ्यापर्यंत नेलं नव्हतं. दंडाला धरून सरळ घरी आणलं होतं, आणि वाटेत लोक बघतायत म्हणून तो हसतही होता.

मधल्या खोलीत एक आजोबा सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांच्यासमोर कामाची बाई उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. आजोबांची बोटं बटण शोधायची, काजं चुकायची, पुन्हा शोधायची. बाई खिडकीबाहेर बघत होती, जणू तिला आज दुसरं कामच नव्हतं. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाच बटणांना सहा मिनिटं. शेवटचं लागल्यावर आजोबांनी सदरा खाली ओढला आणि विचारलं, “कसा दिसतो?” “नवरदेव,” बाई म्हणाली, आणि मगच तिने हात सोडवले. तो दाराबाहेर उभा होता आणि त्याला आपल्या हातांचं काय करावं ते समजेना. त्याने ते पाठीमागे बांधून पाहिले. फार कठीण काम होतं ते. सहा मिनिटं सोडाच, सहा सेकंदसुद्धा जमेना; बोटं आपोआप पुढे धावत होती.

एक खोली रिकामी होती. कोणी बघत नाहीसं पाहून तो तिथल्या पलंगावर बसला, मग बूट काढून सरळ आडवा झाला. उशीवरून खिडकी दिसत होती, खिडकीतून सायकलवाल्याचं छत आणि वर एका झाडाचा शेंडा. मधूनच घंटीची टिणटिण. दुरुस्त झालेली सायकल वाजवून बघतात तशी. चादरीला उन्हाचा वास होता. आडवं होणं त्याला कुठून सुचलं ते पडल्यावर उमगलं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. वडील त्याआधीच घर सोडून गेलेले. मावशी सव्वीस वर्षांची, एकटी, चष्म्याच्या दुकानात नोकरी. सगळे नातेवाईक म्हणाले, मुलाला वसतिगृहात घाला, तुझं तू बघ. एका सकाळी ती त्याला घेऊन वसतिगृह पाहायला गेली. लांबच लांब खोली, दोन्हीकडे पलंग. तिने गाद्या दाबून पाहिल्या, पांघरुणं नाकाला लावली, आणि मग चपला काढून एका पलंगावर चक्क आडवी झाली. तिथले गुरुजी बघतच राहिले. तो दाराशी उभा होता, मुठीत तिच्या पदराचं टोक नव्हतं म्हणून स्वतःच्या सदऱ्याचं टोक धरून. थोड्या वेळाने ती उठली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, “चल, घरी.” बस्स. पुढे कधी विषयच निघाला नाही. तिने लग्न केलं नाही. त्यानेही केलं नाही. ती जागा वाईट होती, मावशीला एका नजरेत कळलं आणि तिने आपल्याला वाचवलं, ही गोष्ट त्याने आपल्याशीच इतक्या वेळा सांगितली होती की तिच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. आणि आज तो तिच्यासाठी पलंगावर पडून बघत होता. उठून ज्याला ‘चल, घरी’ म्हणावं असं दाराशी कोणी उभं नव्हतं.

चारच्या सुमाराला कोणीतरी रडायला लागलं. तो दचकून उठला, बूट घालून बाहेर आला. ओसरीवरच्या बाकावर एक धिप्पाड म्हातारा तोंड झाकून हुंदके देत होता. “हे आमचे ड्रायव्हरकाका,” सिस्टर म्हणाली. “आयुष्यभर ट्रक चालवला. रोज या वेळेला रडतात.” “का?” “माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. थांबवता येत नाही. कोणीतरी जवळ बसतं, एवढंच.” खरोखरच कामाची दुसरी बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसली होती आणि पालेभाजी निवडत होती. तो वही हातात धरून ते बघत राहिला. भेटायला आलेल्या माणसासमोर हे झाकता आलं असतं. काकांना आत नेता आलं असतं. कोणाच्या डोक्यातच तसं आलं नव्हतं. त्याला थोडा रागच आला, कारण खोटेचं पान कोरंच राहिलं होतं.

मग सिस्टरने त्याला समोर बसवलं आणि स्वतःची वही काढली. “आता मी विचारते. मावशी कुठल्या कुशीवर झोपतात?” त्याला सांगता येईना. “चहात साखर किती?” “एक... दीड चमचा.” खरं म्हणजे तो आपल्याच अंदाजाने घालायचा. “कशाला घाबरतात? गाणं आवडतं? अंगावर पाणी गरम लागतं की कोमट? रागावल्या की गप्प बसतात की बोलतात?” सत्तेचाळीस वर्षं तो तिच्यासोबत राहत होता. लिफ्टचा कुठला दोर किती झिजलाय ते तो बोटांनी सांगायचा. आणि इथे परीक्षेला न वाचता बसलेल्या पोरासारखा पेन्सिलीकडे बघत होता. “चष्म्याच्या काचा,” तो शेवटी म्हणाला. “मळकी काच तिला चालत नाही. माझ्या नाकावरून चष्मा काढून घेते आणि पुसते.” सिस्टरने ते लिहून घेतलं, त्याखाली रेघ मारली. “बाकीचं मी येऊन बघते,” ती म्हणाली. “माणसाला त्याच्या घरात पाहिल्याशिवाय मी आमच्याकडे घेत नाही. त्यांना यायचंय का तेही विचारायला हवं. तुम्ही विचारलंत?” त्याने मान हलवली, हो की नाही ते त्यालाही स्पष्ट नव्हतं.

बुधवारी ती आली. त्याने रजा घेतली होती. तिला घर सापडावं म्हणून तो खाली रस्त्यावर उभा राहायला गेला, आणि जाताना हाताने आपलं काम केलं. परत वर आल्यावर दारासमोर उभं राहिल्यावरच त्याला दिसलं, की आपण कुलूप लावलंय. घरात असताना, रजेच्या दिवशी, पाच मिनिटांसाठी. त्याने घाईघाईने खिशातली किल्ली काढली. सिस्टर कुलुपाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती, तापमान लिहून घेतानाची नजर होती फक्त. दार उघडलं. तो आत जायला निघाला तर तिने हाताने त्याला अडवलं आणि उघड्या दारावर बोटाने टकटक केली. “मावशी, येऊ का?” अडीच महिन्यांत या दारावर असं मावशीला विचारत कोणी टकटक केली नव्हती. “या ना,” मावशी म्हणाली. आणि तिने बसल्या जागी पदर सारखा केला.

सिस्टर तिच्यासमोर पाटावर बसली, खुर्ची असताना. इकडचं तिकडचं झालं. मावशीने तिचा चष्मा मागून घेतला, पदराने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि परत दिला. “काच चांगली आहे, पण तुम्ही सांभाळत नाही,” ती म्हणाली. सिस्टर हसली. मग तिने सरळच विचारलं, “मावशी, आमच्याकडे राहायला याल का?” “तिला काय, मी...” तो बोलायला लागला, पण कोणी त्याच्याकडे बघितलंच नाही. “तुमच्याकडे कोण कोण असतं?” मावशीने विचारलं. सिस्टरने एकेक माणूस सांगितलं. ड्रायव्हरकाका रडतात तेही सांगितलं. मावशी लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, “मी पण गेले होते अशी जागा बघायला. बहिणीच्या मुलासाठी. वसतिगृह होतं.”

“ती जागा वाईट होती ना, मावशी?” तो म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मोठा निघाला. “म्हणून तर आपण परत आलो.”

“कोण म्हणालं वाईट होती?” मावशी म्हणाली. “चांगली होती. खिडक्या मोठ्या. गाद्या उन्हात टाकलेल्या. पोरं हसत होती. त्याला करमलं असतं तिथे.”

“मग?” सिस्टरने विचारलं.

“मग काय! मला नसतं करमलं.” मावशी आपल्या हातांकडे बघत थोडी लाजली. “ताई गेलेली. घरी जाऊन मी एकटीने काय केलं असतं? आणलं परत ओढून.” मग ती पुढे वाकली आणि समोर बसलेल्या त्याच्याकडे डोळ्यांनी खूण करत सिस्टरला हळूच म्हणाली, “हे गृहस्थ त्याच्या ओळखीचे वाटतात, त्यांच्यापाशी बोलू नका. त्या पोराच्या कानावर गेलं तर वाईट वाटेल. लहान आहे तो.”

तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून उभा राहिला. बाहेर दोघी बोलत होत्या. पाण्याच्या आवाजात शब्द लागत नव्हते. आपल्याला वाईट वाटतंय का, हे तो शोधत होता. जन्मभर ज्या उपकाराखाली तो वाकून चालला, तो उपकार नव्हताच. एक सव्वीस वर्षांची मुलगी होती, बहीण गेलेली, संध्याकाळी रिकाम्या घराचं दार उघडायला घाबरणारी. तिला तो हवा होता. एवढीशी गोष्ट. आणि ही एवढीशी गोष्ट त्या मोठ्या गोष्टीपेक्षा कितीतरी ऊबदार होती. अंगावरचं ओझं उतरावं आणि त्याच जागी कुणीतरी हात ठेवावा तशी. मग त्याला वही आठवली. रबर, दांडा, पायरी. कुणासाठी खोट शोधत होता तो? मावशीला तिथे करमणार नाही म्हणून? की संध्याकाळी साडेसहाला किल्ली फिरवल्यावर आतून कोणी “आलास?” म्हणणार नाही म्हणून? त्यानेही तिला ओढूनच ठेवलं होतं की. फक्त ती निदान त्याला घेऊन घरी परत आली होती, कामावरून धावत येत होती, त्याला शेजारच्या दारात खेळू देत होती. तिने कधी कुलूप लावलं नव्हतं. नळ बंद करून तो बाहेर आला आणि मावशीच्या समोर जमिनीवर बसला. “मावशी,” तो म्हणाला, “तुला जायचंय का यांच्याकडे?” हा प्रश्न विचारायला त्याला केवढे दिवस लागले होते. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “बघून येते,” ती म्हणाली. “नाही आवडलं तर येईन परत. तू घाबरू नकोस.”

ती सिस्टरकडे राहायला गेली. पहिल्या आठवड्यात त्याने सिस्टरला दिवसातून तीनदा फोन केले, तिने एकदाही कंटाळल्याचं दाखवलं नाही, पण चौथ्या दिवशी म्हणाली, “तुम्ही जेवताय ना?” आणि त्याला जाणवलं की ही बाई आता त्यालाही तपासतेय. मावशी डाव्या कुशीवर झोपते, असं तिने सांगितलं. साखर तिला मुळीच नको असते. पाणी कोमट. दुसऱ्या रात्री मावशीने खूप हाका मारल्या, सकाळपर्यंत एकजण जवळ बसून होती. हेही सिस्टरने सांगितलं, त्याने विचारण्याआधी. एकदा तो संध्याकाळी घरी आला, दार उघडलं, आणि सवयीने “आलो गं” म्हणाला. भिंतींनी ते ऐकून घेतलं. तो बराच वेळ दिवा न लावता बसला. सोपं नव्हतंच ते, आणि सोपं होईल असं कोणी त्याला सांगितलंही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी तो गेला तेव्हा चार वाजून गेले होते. ओसरीवर ड्रायव्हरकाका बसले होते, रडून डोळे सुजलेले, आणि त्यांच्या शेजारी मावशी. ती काही करत नव्हती. नुसती बसली होती, त्यांच्या रडण्याच्या इतकी जवळ की तिचा खांदा त्यांच्या खांद्याला लागत होता. तिने ब्लाउजची बटणं स्वतः लावली असावीत; वरचं एक चुकलं होतं आणि त्यामुळे सगळी ओळ एका घराने सरकली होती. त्याची बोटं पुढे गेली. त्याने ती मागे घेतली. तो समोरच्या खुर्चीवर बसला. फार दिवसांनी तो तिच्याकडे घाई नसताना बघत होता. तिच्या चेहऱ्यावर एक नवीनच काहीतरी होतं. एखाद्या कामात गुंतलेल्या, जबाबदारीच्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं.

काकांनी नाक पुसलं आणि त्याच्याकडे बोट केलं. “हे कोण?”

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. ती शोधत होती. त्याचं नाव, तिने लहानपणी ठेवलेलं लाडाचं नाव, भाचा हा शब्द, बहिणीचा मुलगा हे दोन शब्द, यातलं काहीच हाती लागत नव्हतं, आणि तिची नजर एकेका रिकाम्या फडताळावरून फिरून येत होती ती त्याला दिसत होती. तो मदत करू शकला असता. जिभेवर आलंही होतं. पण मागच्या दाराने कोणीतरी पायरी उतरत होतं, त्यांच्याशेजारी एकजण नुसती उभी होती, आणि या घरात घाई नसते हे त्याला आता माहीत होतं. सायकलवाल्याकडे एक घंटी वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

“हा माझा आहे,” मावशी म्हणाली.

काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “चांगला दिसतो.”

“चांगलाच आहे,” मावशी म्हणाली. “पण उशिरा येतो.”

पुढच्या रविवारी तो साडेतीनलाच पोचला.